वहीतली तारीख

रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि बिल्ड, म्हणजे कोडवरून प्रोग्राम बांधायचं आपोआप चालणारं काम, एका प्रश्नापाशी येऊन थांबला होता. स्क्रीनवर खंडांची यादी होती. आफ्रिका, अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आर्क्टिक, सहाव्या क्रमांकावर आशिया. त्याखाली ‘भौगोलिक विभाग’ एवढेच शब्द आणि पुढे दोन टिंबं.

विचारत होतं टीझेडडेटा नावाचं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार असलेला सॉफ्टवेअरचा गठ्ठा. जगभरातल्या प्रमाणवेळा त्याच्याकडे असतात. मी ते मागवलं नव्हतं, दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजच्या मागोमाग ते आलं होतं. आल्या आल्या त्यानं विचारलं की आपण आहोत कुठे आणि घड्याळ कुठलं लावायचं. उत्तर द्यायला तिथं कोणी नव्हतं. कंटेनर म्हणजे मशीनच्या आत तात्पुरतं उभं केलेलं वेगळं लिनक्स, त्याच्या आत माणूस बसलेला नसतो. तो बिल्ड आपोआप सुरू झालेला, आपोआपच संपायचा होता, आणि चाळीस मिनिटं झाली तरी तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

उपाय एका ओळीचा आहे. डेबियन-फ्रंटएंड या व्हेरिएबलमध्ये नॉन-इंटरॅक्टिव्ह असं लिहायचं, म्हणजे पॅकेजं प्रश्न विचारत नाहीत, ठरलेलं उत्तर गृहीत धरून पुढे जातात. ती ओळ लिहिली आणि बिल्ड सुटला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आशिया म्हटलं असतं तर पुढे शहरांची यादी आली असती, तिच्यात मुंबई नाही, कोलकाता आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहर पुढे कित्येक वर्षं स्वतःच्या, ३९ मिनिटं मागच्या वेळेवर चालत होतं. एकाच देशात एकाच क्षणाला दोन घड्याळं, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी. कंटेनरला मात्र स्वतःचं कुठलंच ‘आत्ता’ नसतं. आपण सांगू ते.

हे सगळं ज्या कामासाठी चाललं होतं ते काम साधं होतं. आमची कंपनी लहान आहे, साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर चालणारं सॉफ्टवेअर करते. उसानं भरलेला ट्रॅक्टर किंवा ट्रक काट्यावर येतो, भरलेलं वजन घेतलं जातं, रिकामं परतताना पुन्हा वजन, वजाबाकी, पावती. काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा यांवर ऊस उत्पादकाचं वर्षभराचं गणित उभं असतं, म्हणून त्या प्रोग्रामला हात लावताना आम्ही फार जपतो. २०२३ च्या पावसाळ्यात एका कारखान्याकडून निरोप आला की पावती क्रमांकाचा रकाना पाच अंकी आहे, यंदा तो पुरणार नाही, सहा अंकी करून द्या. गळीत हंगामाला दोन महिने होते. कोडमध्ये बदल एका ओळीचा.

ती ओळ बदलून प्रोग्राम पुन्हा बांधायचा कुठे, इथं गाडी अडली. तो प्रोग्राम आजवर एकाच मशीनवर बांधला जायचा. ऑफिसच्या कोपऱ्यात, खिडकीखाली ते होतं, त्याच्यावर डेबियन या लिनक्सची नववी आवृत्ती, तिचं नाव स्ट्रेच. ते मशीन अण्णांचं. अण्णा आमचे सगळ्यांत जुने इंजिनिअर, २०२० साली निवृत्त होऊन वाईला गेले. त्यांनी त्या मशीनवर वेळोवेळी काय काय टाकलं होतं हे त्या मशीनलाच ठाऊक. आणि ऑगस्टमध्ये त्याची डिस्क गेली. कोड सुरक्षित होता, तो दुसरीकडे होता. गेलं ते मशीनचं आतलं जग.

म्हणून कंटेनर. दर बदलाला एक कोरं, रिकामं लिनक्स उभं करायचं, त्यात पॅकेज मॅनेजर चालवून हवी ती साधनं उतरवायची, प्रोग्राम बांधायचा, आणि सगळं फेकून द्यायचं. मी आधी सोपा रस्ता धरला. उबुंटू २०.०४ चा साचा घेतला, त्यात अ‍ॅप्टला, म्हणजे डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरला, नेहमीच्या लायब्रऱ्या मागितल्या. रात्रीचा तो प्रश्न इथलाच. तो सुटल्यावर बिल्ड हिरवा झाला, मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मशीनवर तो प्रोग्राम सुरूच होईना. जीएलआयबीसी २.२९ सापडत नाही, एवढंच तो सांगत होता.

कारण समजून घेण्यासारखं आहे. जीएलआयबीसी म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी, ती प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीची चिठ्ठी लावते. घात काढणारं पॉव हे फंक्शन २.२९ मध्ये नव्यानं लिहिलं गेलं, त्याला नवी चिठ्ठी लागली. उबुंटू २०.०४ वर बांधलेला प्रोग्राम ती नवी चिठ्ठी मागतो. कारखान्यातलं मशीन स्ट्रेचवर, तिथली सी लायब्ररी २.२४. आमच्या कोडमध्ये पॉव एकाच ठिकाणी, काट्याच्या कॅलिब्रेशनमध्ये वापरलेलं. तेवढं पुरलं. कोडचं एक अक्षर न बदलता प्रोग्राम बदलला होता, कारण तो वेगळ्या काळातल्या सामानानं बांधला होता.

इथं मला थोडं मागे जाऊन पॅकेज मॅनेजरबद्दल बोललं पाहिजे, कारण त्याच्यावर माझा फार जीव आहे. डेबियन इयान मर्डॉक यांनी १९९३ साली जाहीर केलं, अ‍ॅप्ट १९९९ च्या डेबियन २.१ मधून लोकांच्या हाती आलं. हे सगळं घडलं ते टिकणाऱ्या मशीनसाठी. एकदा घरात आणलेलं, वर्षानुवर्षं चालणारं, ज्याचा मालक समोर बसलेला आहे असं मशीन. म्हणून अ‍ॅप्ट प्रश्न विचारतं. म्हणून अ‍ॅप्टच्या हाताखाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी प्रत्येक फाइल लिहिल्यावर ती खरोखर डिस्कवर उतरली का याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेतं, मध्येच वीज गेली तर अर्धवट बसलेलं पॅकेज मागे राहू नये म्हणून. मी तासगावच्या बाजूला वाढले. भारनियमनाच्या दिवसांत भावाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवताना मध्येच पंखा बंद पडायचा तेव्हा आमच्या दोघांच्या पोटात गोळा यायचा. वीज आली की मशीन उठायचं आणि डीपीकेजी जिथं थांबलं होतं तिथून धागा उचलायचं. त्या सावधपणाची किंमत मला तेव्हा कळली.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत डॉकर, म्हणजे कंटेनर बांधणारं आणि चालवणारं साधन, पाच मिनिटांत दाखवलं, आणि काही वर्षांतच हे टिकाऊ मशीनसाठी घडवलेलं साधन क्षणभर जगणाऱ्या खोल्यांमध्ये चालायला लागलं. डेबियनच्या अधिकृत साच्याच्या आत शिरून पाहिलं की या स्थलांतराच्या खुणा दिसतात. डीपीकेजीच्या सेटिंगमध्ये एक छोटी फाइल आहे, ती डिस्कची खात्री करणं बंद करते. वर टिपण लिहिलंय, त्याचा आशय असा की कंटेनरचा बिल्ड वीज गेल्यावर तसाही वाचत नाही, तो पुन्हा कोऱ्यापासूनच सुरू होतो, मग इथं वेग घेतलेला बरा. दुसरी एक फाइल कुठलीही सेवा सुरू करू देत नाही, कोणी विचारलं की १०१ एवढं उत्तर देते, म्हणजे मनाई. तिसरी उतरवलेली पॅकेजं बसवून झाली की लगेच पुसते. कोणीतरी एकेक सवय हातात घेऊन विचार केलाय की घर नसलेल्या जागी हिचं काय करायचं. मला त्या टिपणांमध्ये माणसाचा हात दिसतो.

एक सवय मात्र कोणाला बदलता आलेली नाही. अ‍ॅप्टला आपण नाव सांगतो, आणि ते ‘आज जे आहे ते’ आणतं. घरच्या मशीनवर हेच हवं असतं. आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये मात्र ‘आज’ हा शब्द आपल्या हातून निसटतो.

डॉकरच्या थरांचंच बघा. बिल्डच्या फाइलमध्ये प्रत्येक आज्ञेचा एक थर होतो. ओळ बदलली नाही तर डॉकर ती पुन्हा चालवत नाही, जुना थर उचलून लावतो. आता एका ओळीत पॅकेजांची यादी ताजी करा म्हटलं आणि पुढच्या ओळीत पॅकेज बसवा म्हटलं, तर काय होतं? पहिली ओळ तीच राहते. मार्चमध्ये आणलेली यादी जुलैमध्येही ‘ताजी’ म्हणून तशीच वापरली जाते. तोवर भांडारातली ती आवृत्ती जाऊन दुरुस्त आवृत्ती आलेली असते. अ‍ॅप्ट जुन्या पत्त्यावर जातं आणि ४०४, म्हणजे ‘इथं असं काही नाही’, हे उत्तर घेऊन परत येतं. म्हणून दोन्ही आज्ञा एकाच ओळीत, मध्ये ‘आणि’चं चिन्ह घालून लिहायच्या, त्याच ओळीत शेवटी याद्या पुसून टाकायच्या. पुढच्या ओळीत पुसल्या तर वरून दिसत नाहीत पण खालच्या थरात वजनासह पडून राहतात. हे नवीन मुलांना पाठ असतं. पण का, ते विचारलं तर बहुतेक जण जागा वाचते एवढंच सांगतात. खरं कारण असं की त्या ओळीच्या अक्षरांमध्ये ‘कधीचं’ हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि डॉकर फक्त अक्षरं वाचतो.

उबुंटूचा रस्ता सोडून मी स्ट्रेचचा साचा घेतला. तो अजून मिळतो. त्यात अ‍ॅप्ट चालवलं तर स्ट्रेचची यादीच नाही असं उत्तर आलं. २०२३ सालीच स्ट्रेच नेहमीच्या आरशांवरून, म्हणजे पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवरून, काढून जुन्या संग्रहात हलवलं गेलं होतं. त्याची मुदत आधीच संपलेली, डेबियननं हे कधी लपवलं नव्हतं. आम्ही लक्ष दिलं नव्हतं. संग्रहाचा पत्ता घातला, पॅकेजं उतरली, प्रोग्राम बांधला गेला, स्ट्रेचवर चाललाही.

मग मी जी गोष्ट केली ती आधीच करायला हवी होती. पावती क्रमांकाचा बदल बाजूला ठेवला आणि कारखान्यात गेली चार वर्षं चालत असलेला प्रोग्राम, त्याच जुन्या कोडवरून, जसाच्या तसा बांधून बघितला. कारखान्याकडून मूळ फाइल मागवली. दोन्हींचे शा-२५६ ठसे, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून काढलेली चौसष्ट अक्षरांची ओळख, काढले. ते जुळेनात. ठशाचं असंच असतं, एक बिट वेगळा असला तरी सगळंच वेगळं दिसतं. पण फाइली समोरासमोर ठेवल्या तेव्हा फरक शेकडो ठिकाणी होते. माझा बिल्ड अण्णांच्या मशीनसारखा नव्हता, फक्त त्याच नावाचा होता.

अण्णांना फोन लावला. डिस्क गेल्याचं ऐकून ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “अगं, माझी वही बघितलीस का? डाव्या खणात असेल.”

होती. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, कडा वाळवी लागल्यासारख्या खाल्लेल्या. पानावर उभी रेघ मारून डावीकडे तारीख, उजवीकडे काय टाकलं ते. ‘लिबमॉडबस डेव्ह टाकलं.’ ‘कप्स डेव्ह टाकलं, प्रिंटर आता ठीक.’ आवृत्तीचा आकडा एकाही ठिकाणी नाही. तारखा मात्र सगळीकडे, आणि बऱ्याच ठिकाणी वेळसुद्धा. शेवटच्या नोंदींपैकी एक अशी होती: ‘शनि. १६-२-१९. सकाळी ९. अपग्रेड केलं. मग ऊसकाटा ३.२ बांधून पाठवला.’

आवृत्ती नाही म्हणून मी आधी निराश झाले. पण आवृत्तीची गरजच नव्हती. डेबियनचं स्नॅपशॉट नावाचं एक भांडार आहे. २००५ पासून डेबियनच्या भांडारात जे जे आलं आणि गेलं ते तिथं दिवसातून काही वेळा टिपून ठेवलेलं असतं. त्याच्या पत्त्यातच तारीख आणि वेळ लिहायची, म्हणजे त्या क्षणी जग जसं होतं तसं ते समोर ठेवतं. नेमक्या त्या क्षणाची नोंद नसेल तर आधीची सगळ्यांत जवळची देतं. गंमत म्हणजे हा पत्ता माझ्या डोळ्यांसमोरच होता. डेबियनच्या अधिकृत साच्यातल्या अ‍ॅप्टच्या यादीत, प्रत्येक ओळीच्या वर, टिपण म्हणून स्नॅपशॉटचा पत्ता लिहिलेला असतो, तो साचा कुठल्या क्षणाचा आहे हे सांगणारा. मी तो शंभर वेळा वाचून ओलांडला असेन.

पत्त्यातली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची असते. अण्णांचे सकाळचे नऊ म्हणजे तिथले साडेतीन. हा हिशेब इथं महत्त्वाचा होता, कारण १६ फेब्रुवारी २०१९ याच दिवशी डेबियन ९.८ आलं, साठलेल्या दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा घेऊन. नुसता दिवस लिहिला असता तर गठ्ठ्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरलं नसतं. अण्णांनी ‘सकाळी ९’ लिहिलं होतं म्हणून मला अलीकडचं दार सापडलं.

तरी एका फटक्यात झालं नाही. साचा २०२२ चा आणि पॅकेजं २०१९ ची, हे अ‍ॅप्टला मान्य नव्हतं. सी लायब्ररीच्या विकासाचं पॅकेज नेमकी त्याच आवृत्तीची लायब्ररी मागतं, आणि साच्यात आधीच पुढची बसलेली. शेवटी साचाही फेब्रुवारी २०१९ चा घेतला. तारखेची शेपटी लावलेले साचे जपून ठेवलेले आहेत, ज्यांनी जपले त्यांची मी ऋणी आहे. मग सुरक्षा भांडारानं अडवलं, या यादीची मुदत संपली आहे म्हणून. हे अडवणं योग्यच आहे. कोणी मध्येच बसून तुम्हाला जुनीच यादी दाखवत राहिलं तर दुरुस्त्या तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत, त्यासाठी ती मुदत. अ‍ॅप्टला स्पष्ट लिहून द्यावं लागतं की मुदत बघू नकोस, मला जुनंच हवं आहे.

ते लिहून देताना माझा हात थबकला, आणि थबकायलाच हवा. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅप्टमध्येच एक मोठं छिद्र सापडलं होतं. पॅकेज उतरवताना मध्ये बसलेला माणूस आपलं पॅकेज पुढे सारू शकत होता. केवळ तेवढ्यासाठी डेबियन ९.७ काढावं लागलं. आमचा साचा त्यानंतरचा, त्यातलं अ‍ॅप्ट दुरुस्त झालेलं होतं, हे मी आधी तपासलं. जुनं जसंच्या तसं उभं करायचं म्हणजे त्यातली छिद्रंही उभी करायची. म्हणून आता आमच्याकडे दोन बिल्ड चालतात. एक रोज रात्री, त्या दिवशीच्या पॅकेजांवर, काय बिघडतंय हे वेळीच कळावं म्हणून. दुसरा बाहेर पाठवायचा, त्याच्या फाइलमध्ये तारीख लिहिलेली. ती तारीख कोणीतरी हातानं, विचार करून, आपलं नाव टाकून पुढे सरकवायची. दुरुस्त्या आपोआप येऊ द्याव्यात असं म्हणणारे मित्र आहेत. काट्यावर चालणाऱ्या प्रोग्रामच्या बाबतीत मला ते पटत नाही. काय बदललं हे ज्याला सांगता येत नाही त्यानं तो प्रोग्राम कारखान्यात पाठवू नये.

२०१९ चा साचा, १६ तारखेची साडेतीनची पॅकेजं, कोडचा फोल्डरही अण्णांच्या मशीनवर होता त्याच मार्गावर, कारण तो मार्ग प्रोग्रामच्या पोटात लिहिला जातो. पुन्हा बांधलं. दोन्ही फाइली समोरासमोर ठेवल्या. शेकडो फरकांपैकी एका जागचे काही बाइट उरले.

त्या जागेवरचा मजकूर मी उघडला. ‘माहिती’च्या खिडकीत दिसण्यासाठी कंपायलर बिल्डची तारीख आणि वेळ प्रोग्राममध्ये लिहून ठेवतो, ती जागा. माझ्या फाइलमध्ये सप्टेंबर २०२३ मधली मध्यरात्र होती. कारखान्यातून आलेल्या फाइलमध्ये फेब्रुवारी १६, २०१९, ११ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंद.

फेकटाइम नावाचं एक छोटं पॅकेज आहे, ते प्रोग्रामला हवी ती वेळ खरी म्हणून सांगतं. कंटेनरमध्ये आशिया, कोलकाता लावलं, घड्याळ त्या शनिवारच्या ११:४२:०७ वर धरून ठेवलं, बांधलं. ठसे काढले आणि एकाखाली एक ठेवून बोट फिरवत वाचले. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं तीच. मी तीनदा वाचली.

त्यानंतर पावती क्रमांकाची ओळ बदलली, पुन्हा बांधलं, आणि दोन फाइलींत फक्त तेवढाच फरक आहे हे पाहून कारखान्यात पाठवलं. संध्याकाळी अण्णांना फोन केला, त्यांना त्या सकाळची वेळ सेकंदासकट सांगितली.

“शनिवार होता ना,” ते म्हणाले, “मग बरोबर. बारा-चाळीसची एसटी गाठायची असायची मला.”

बिल्डच्या फाइलमध्ये स्नॅपशॉटच्या पत्त्याच्या वर आता एक टिपण आहे, मराठीत, वहीतून उतरवलेलं. शनि. १६-२-१९. सकाळी ९. अपग्रेड केलं.